चिनी कवितेतील चंद्र आणि ज्योतिर्विदांचा चंद्र

ज्या काव्यपरंपरांनी चंद्राला आपला जिवलग मानले, त्यांत अभिजात चिनी कवितेचे स्थान अग्रक्रमाचे आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात संकलित झालेल्या ‘शी जिंग’ या काव्यसंहितेपासून तांग (६१८ ते ९०७) आणि सुंग (९६० ते १२७९) या राजवटींतील कवींपर्यंत चंद्र सतत भेटत राहतो. कधी तो विरहाचा साक्षी असतो, कधी मद्याच्या चषकाचा सोबती, तर कधी निरुत्तर करणाऱ्या प्रश्नांचा विषय. याच भूमीवर, याच शतकांत, दरबारी वेधशाळांतील ज्योतिर्विद रात्रीमागून रात्री चंद्राची स्थाने टिपत होते, ग्रहणांची गणिते मांडत होते आणि चुकलेल्या भाकितांबद्दल उत्तरे देत होते. कवीचा चंद्र भावनेचा आणि ज्योतिर्विदाचा चंद्र गणिताचा, अशी विभागणी आज स्वाभाविक वाटते. चिनी परंपरेकडे बारकाईने पाहिले असता ती फारशी टिकत नाही. तेथील कविता चंद्राच्या प्रत्यक्ष वर्तनावर उभी आहे, आणि ते वर्तन समजून घेतले तर कविताही अधिक स्पष्ट होते.

शशक, बेडूक आणि चांग-ई

चंद्रबिंबावरील काळसर डागांत भारतीयांना ससा दिसला आणि त्यावरून चंद्राला ‘शशी’, ‘शशांक’ ही नावे मिळाली. चीनमध्येही तेथे ससा दिसला. त्याच्या जोडीला बेडूकही आला. हुनान प्रांतातील मावांगदुई येथे १९७२ मध्ये उत्खनन झालेल्या, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील कबरीत एक चित्रित रेशमी पट मिळाला. त्यावरील चंद्रकोरीत बेडूक आणि ससा दोघेही आहेत. पुढे ससा अमृताची औषधी कुटणारा ‘पाचूचा ससा’ झाला. नऊ सूर्य पाडणारा धनुर्धर यी याची पत्नी चांग-ई हिने अमरत्वाचे औषध चोरून प्राशन केले आणि ती चंद्रावर पळून गेली, ही कथाही रूढ झाली. तेथील तिचा प्रासाद ‘ग्वांगहान’, म्हणजे अफाट शीतलतेचा. अमरत्व मिळाले, परंतु सोबत कोणीच नाही. तांग राजवटीच्या उत्तरार्धातील कवी ली शांगयिन याने चांग-ईला पश्चात्ताप झाला असेल, अशी कल्पना करून या एकाकीपणाला अविस्मरणीय रूप दिले.

ज्यांत ससा आणि बेडूक दिसले, ते डाग म्हणजे चंद्रावरील लाव्हाची मैदाने होत. प्रचंड आघातांनी निर्माण झालेल्या खोलगट प्रदेशांत मुख्यतः तीन ते चार अब्ज वर्षांपूर्वी लाव्हारस पसरला आणि थिजून काळसर बेसाल्ट खडक झाला. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे राहत असल्याने हे डाग बदलत नाहीत. म्हणूनच इतक्या दूरच्या संस्कृतींना, इतक्या वेगवेगळ्या काळांत, तोच ससा दिसू शकला.

आकाश राजाचे, चंद्र सर्वांचा

चीनमध्ये आकाशनिरीक्षण हे राज्यकारभाराचे अंग होते. शांग राजवटीतील शकुनास्थींवर, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर, चंद्रग्रहणांच्या नोंदी कोरलेल्या आढळतात. त्या सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या आहेत. ‘शी जिंग’मधील एका कवितेत चंद्रग्रहण ही नित्याची बाब, पण सूर्यग्रहण मात्र अशुभ, असा भेद केलेला आहे. यामागे अनुभव आहे. चंद्रग्रहण चालू असताना ज्या अर्ध्या पृथ्वीवर चंद्र क्षितिजाच्या वर असतो तेथे सर्वत्र ते दिसते, सूर्यग्रहण मात्र अरुंद पट्ट्यात. त्यामुळे एका गावी राहणाऱ्या माणसाला चंद्रग्रहणे कितीतरी अधिक वेळा पाहावयास मिळतात.

त्याच संग्रहातील आणखी एका कवितेत चंद्र ‘बी’ नक्षत्राजवळ आला की मुसळधार पाऊस पडतो, असा संकेत येतो. बी म्हणजे मराठी वाचकाच्या परिचयाचा रोहिणीचा तारकापुंज. सतराव्या शतकातील विद्वान गू यानवू याने या आणि अशा दाखल्यांवरून असे मत मांडले, की प्राचीन काळी खगोलज्ञान सर्वांचेच होते. शेतकरी, गृहिणी, सीमेवरचा सैनिक आणि खेळणारी मुले यांच्या तोंडीही ते असे. चंद्र आणि रोहिणीचा उल्लेख सैनिकाच्या गीतातला, असे तो म्हणतो. उघड्यावर रात्र काढणाऱ्याला चंद्र कोणत्या ताऱ्यांत आहे, हे ठाऊक असणारच.

पुढील काळात हे ज्ञान राज्यसंस्थेने आपल्याकडे घेतले. सम्राट हा ‘स्वर्गपुत्र’ मानला जात असल्याने आकाशातील प्रत्येक अनपेक्षित घटना त्याच्या कारभारावरचा शेरा ठरू शकत असे. तांग राजवटीच्या दंडसंहितेने खगोलीय उपकरणे आणि खगोलविषयक ग्रंथ खासगीरीत्या बाळगण्यास मनाई केली होती आणि त्यासाठी दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा होती. म्हणजे चिनी कवितेच्या सर्वांत वैभवशाली काळात सामान्य सुशिक्षित माणसाला आकाशाचा पद्धतशीर अभ्यास करण्याची मोकळीक नव्हती. चंद्राकडे पाहण्यास आणि त्याच्याविषयी लिहिण्यास मात्र कोणाचीच आडकाठी नव्हती.

याच तांग दरबारात भारतीय वंशाच्या ज्योतिर्विदांचे एक घराणे उच्चपदावर होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही. राजधानी चांगआन येथील गौतम सिद्ध (चिनी उच्चार चुतान शीदा) याने इ.स. ७१८ मध्ये भारतीय नवग्रह गणितावर आधारित पंचांगग्रंथ चिनी भाषेत आणला. त्यात ग्रहणगणिताच्या भारतीय पद्धती, ज्यांचे कोष्टक आणि शून्यासाठी बिंदू यांचा समावेश होता. पुढे ज्याच्या नावाशी चंद्र कायमचा जोडला गेला, तो कवी ली बाय तेव्हा सतरा वर्षांचा होता.

आकाशातील घटनेचा राजकीय अर्थ लावण्याची ही सवय कवींनीही उचलली. इ.स. ८१० मधील चंद्रग्रहणावर लू तोंग याने एक दीर्घ कविता रचली. बिंब हळूहळू गिळले जाण्याचे तीत सविस्तर वर्णन असून, चंद्र खाणाऱ्या बेडकाच्या आडून दरबारात माजलेल्या कंचुकींवर टीका केली आहे, असे परंपरेने मानले जाते.

कवी आणि ज्योतिर्विद एकाच देहात

हान राजवटीतील झांग हेंग (७८ ते १३९) हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा दुवा होय. भूकंपाची दिशा दाखवणारे उपकरण इ.स. १३२ मध्ये सादर करणारा शास्त्रज्ञ म्हणून तो प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या काळात आणि नंतरही त्याची कीर्ती कवी म्हणून तितकीच होती. दोन राजधान्यांचे वर्णन करणारे त्याचे दीर्घ काव्य चिनी साहित्यात मानाचे स्थान राखून आहे. ‘लिंग श्यान’ या खगोलविषयक ग्रंथात तो सांगतो की सूर्य अग्नीसारखा आणि चंद्र पाण्यासारखा आहे. चंद्राचा प्रकाश सूर्यापासून येतो आणि सूर्यप्रकाश न पोहोचलेला भाग काळोखा राहतो. सूर्याच्या बरोबर समोर आलेला चंद्र कधी कधी झाकोळतो तो पृथ्वी आड आल्यामुळे, असेही त्याने लिहिले आणि त्या छायेला ‘अंधारी पोकळी’ अशा अर्थाचे नाव दिले. विशेष म्हणजे चांग-ईने अमृत चोरून चंद्रावर पळ काढल्याची कथाही याच ग्रंथाच्या नावे उद्धृत केली जाते. ग्रहणाचे कारण सांगणारी लेखणी आणि पुराणकथा नोंदवणारी लेखणी एकच होती.

दरम्यान चंद्राचे गणितही सूक्ष्म होत गेले. इ.स.पू. १०४ मधील ‘ताइछू’ पंचांगाने चांद्रमासाची लांबी २९ दिवस आणि एका दिवसाचे ४३/८१ भाग, म्हणजे सुमारे २९.५३०८६ दिवस मानली होती. आजचे सरासरी मूल्य २९.५३०५९ आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी ल्यू होंग याने चंद्राची गती सर्वकाळ सारखी नसते, हे पंचांगात विचारात घेतले. पाचव्या शतकात झू छोंगझी याने चंद्राचा पातमास, म्हणजे चंद्राला एका पातबिंदूपासून पुन्हा त्याच बिंदूपाशी येण्यास लागणारा काळ, २७.२१२२३ दिवस इतका काढला. आधुनिक मूल्यापासून त्याचा फरक केवळ पाचव्या दशांश स्थळी पडतो. ग्रहणाच्या भाकितासाठी हा आकडा अत्यावश्यक होता.

कलांवरून ओळखावी तिथी

चिनी महिना अमावास्येच्या दिवसापासून सुरू होतो आणि पंधराव्या दिवसाच्या सुमारास पौर्णिमा येते. महाराष्ट्रातील अमान्त पद्धतीशी ही रचना बरीच जुळती आहे. त्यामुळे कवितेत तिथी आली की चंद्राची कला आणि चंद्राची कला आली की वेळ आपोआप सूचित होते. चिनी वाचकाला हे वेगळे सांगावे लागत नसे. आजच्या शहरी वाचकाला ते शिकावे लागते.

बाय जूयी याने नवव्या महिन्यातील तिसऱ्या रात्रीचे वर्णन करताना चंद्राला धनुष्याची उपमा दिली आहे. तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ पश्चिमेकडे दिसते. म्हणून त्या कवितेतील दृश्य मावळतीचे आहे आणि उपमाही त्या कलेला तंतोतंत लागू पडते. याउलट ल्यू योंग याच्या निरोपाच्या कवितेत पहाटेच्या वाऱ्यासोबत क्षीण चंद्र येतो. ही कृष्ण पक्षाच्या अखेरची कोर. ती पहाटेच उगवते, म्हणजे ती पाहणारा माणूस रात्रभर जागा आहे किंवा अवेळी जागा झाला आहे, हे न सांगता कळते.

झांग जी याची फेंगच्याव पुलाजवळील मुक्कामाची कविता हे याहून सुंदर उदाहरण होय. सूजौ शहराबाहेर नाव बांधून पडलेल्या प्रवाशाला झोप नाही. चंद्र मावळला आहे, हवेत हिमकण आहेत आणि मध्यरात्री मंदिराची घंटा ऐकू येते. अकराव्या शतकातील साहित्यिक ओयांग श्यू याने, मध्यरात्री मंदिरात घंटा वाजवतात काय, असा आक्षेप घेतला आणि त्यावर पुढे अनेक शतके चर्चा झाली. अशी प्रथा असल्याचे दाखले इतरांनी दिले. चंद्राबाबत मात्र आक्षेपाला जागा नाही. शुक्ल अष्टमीच्या सुमाराचा अर्धचंद्र मध्यान्ही उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. शरद ऋतूच्या अखेरीस तो दक्षिणेकडे कललेला असल्याने मध्यरात्रीच्या थोडा आधीच अस्ताला जातो. चंद्र मावळणे आणि त्यानंतर मध्यरात्रीची घंटा, हा क्रम आकाशाशी जुळतो. दिवा विझावा तसा चंद्र गेला आहे आणि उरलेली रात्र प्रवाशाला अंधारातच काढायची आहे.

ली बायच्या सर्वाधिक पाठ केल्या जाणाऱ्या छोट्या कवितेत शय्येजवळ पडलेले चांदणे क्षणभर दहिवरासारखे भासते. या भासामागेही शरीरशास्त्र आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या सुमारे चार लाख पटींनी फिका असतो. इतक्या मंद प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ निष्क्रिय होतात आणि केवळ प्रकाश-अंधार ओळखणाऱ्या पेशी काम करतात. म्हणून चांदण्यात जग रंगहीन, रुपेरी दिसते. प्रत्यक्षात चंद्रप्रकाश सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच असतो आणि चंद्राचा पृष्ठभाग डांबरी रस्त्याइतका काळपट असून त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम बारा टक्के प्रकाश परावर्तित होतो.

विरहाचे गणित

चिनी कवितेतील चंद्राचे सर्वांत खोल नाते विरहाशी आहे. राज्यकारभाराची रचनाच अशी होती, की सुशिक्षित पुरुषाला परीक्षा, बदली किंवा हद्दपारी यांमुळे आयुष्याचा मोठा भाग घरापासून दूर काढावा लागे. पत्र पोहोचण्यास आठवडे, कधी महिने लागत. अशा जगात दोन ठिकाणच्या दोन माणसांना एकाच क्षणी पाहता येईल अशी वस्तू एकच होती. पाचव्या शतकातील श्ये झुआंग याच्या चंद्रावरील काव्यात ही कल्पना स्पष्ट रूपात येते आणि पुढे ती परंपरेचा कणा होते.

इ.स. ७५५ मध्ये आन लूशान याने बंड केले आणि तांग साम्राज्य हादरले. पुढच्या वर्षी दू फू (७१२ ते ७७०) बंडखोरांच्या ताब्यातील चांगआनमध्ये अडकून पडला. त्याची पत्नी आणि मुले उत्तरेकडील फूझोऊ येथे, म्हणजे आजच्या शान्शी प्रांतातील फूश्यान परिसरात होती. त्याने त्या वेळी लिहिलेल्या कवितेचे वैशिष्ट्य असे, की तो स्वतःच्या डोक्यावरचा चंद्र वर्णन करीतच नाही. पत्नी एकटी ज्या चंद्राकडे पाहत असेल तो चंद्र, तिचे दवाने ओलावलेले केस आणि राजधानीची आठवण म्हणजे काय हे न कळण्याइतकी लहान मुले, एवढेच तो पाहतो. कुटुंब जिवंत आहे की नाही, याची खात्री देणारे दुसरे काहीच त्याच्याजवळ नव्हते.

या दोन ठिकाणांमधील अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर दूर असल्याने इतक्या अंतराने चंद्राचे आकाशातील स्थान फार तर पूर्णबिंबाच्या सतराव्या भागाइतके सरकते. चांगआनमध्ये चंद्र ज्या ताऱ्याजवळ दिसेल, त्याच ताऱ्याजवळ तो फूझोऊमध्येही दिसणार. कला तीच, उंची जवळपास तीच, वेळही तीच. दू फूने पत्नीच्या नजरेतून पाहिलेला चंद्र हा कल्पनेचा खेळ वाटला, तरी भूमितीच्या दृष्टीने तो अचूक होता.

सुंग काळातील सू शी (१०३७ ते ११०१) याने १०७६ मधील मध्यशरद उत्सवाच्या रात्री मीझोऊ येथे, अनेक वर्षे न भेटलेला धाकटा भाऊ सू झ याच्या आठवणीत लिहिलेली रचना आजही त्या सणाला गायिली जाते. मीलन आणि ताटातूट ही चंद्राच्या वृद्धिक्षयासारखी जुनी गोष्ट आहे, तेव्हा निदान दोघे दीर्घायुषी होऊन दुरून एकच सौंदर्य पाहू, असा तिचा आशय. आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येणारा हा सण बहुधा आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास असतो. २०२५ मध्ये मात्र तो ६ ऑक्टोबर रोजी, कोजागरीच्याच दिवशी आला. या ऋतूतील पौर्णिमेचे एक वैशिष्ट्य आहे. एरवी चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जातो. शरदसंपाताच्या आसपास चंद्राचा मार्ग संध्याकाळच्या पूर्व क्षितिजाशी लहान कोन करीत असल्याने हा फरक उत्तर चीनच्या अक्षांशावर अर्ध्या तासाच्या जवळपास येतो. सलग काही संध्याकाळी सूर्य मावळताच मोठा चंद्र वर येतो. सुगीचा हंगाम आणि पावसानंतर निवळलेले आकाश यांची त्यात भर पडते.

लाल कड्याखालील चंद्र

सू शीला स्वतःच्या कवितांची किंमत मोजावी लागली. १०७९ मध्ये राजधोरणांवर टीका केल्याच्या आरोपाखाली त्याला अटक झाली आणि त्याच्या कविताच पुरावा म्हणून पुढे आल्या. जीव वाचला, पण त्याची रवानगी यांगत्से नदीकाठच्या ह्वांगझोऊला झाली. तेथे १०८२ मध्ये, सातव्या महिन्याच्या सोळाव्या रात्री केलेल्या नौकाविहारावर त्याने ‘लाल कडा’ हे प्रसिद्ध गद्यकाव्य लिहिले.

त्यात पूर्वेकडील डोंगरावर उगवलेला चंद्र दोउ आणि न्यू या नक्षत्रांच्या मध्ये रेंगाळतो, असा उल्लेख आहे. गणित केले असता हे जुळत नाही. तो काळ ऑगस्टचा. सूर्य सिंह तारकासमूहात असताना पौर्णिमेनंतरचा चंद्र त्याच्या समोर, कुंभेत असणार. दोउ आणि न्यू ही नक्षत्रे अनुक्रमे धनू आणि मकर समूहांत मोडतात. प्राचीन चिनी पद्धतीत प्रत्येक प्रदेशाला नक्षत्रे नेमून दिलेली होती आणि ही दोन नक्षत्रे आग्नेयेकडील वू आणि युए प्रदेशांची. लाल कड्याची २०८ मधील लढाई ज्या वू सत्तेने आपल्या मित्रपक्षासह जिंकली, तिचे हे आकाश. म्हणजे येथे कवीने निरीक्षणाऐवजी इतिहासाचा संकेत वापरला, असे मानण्यास जागा आहे.

परंतु त्याच रचनेत पुढे आयुष्याच्या क्षणभंगुरतेने खिन्न झालेल्या सोबत्याला समजावताना सू शी चंद्राचाच दाखला देतो. चंद्र वाढतो आणि झिजतो असे दिसते. वास्तविक त्यात काही अधिक होत नाही आणि उणेही होत नाही. साधारण याच दशकात सू शीचा समकालीन शेन को (१०३१ ते १०९५) याने आपल्या ‘मंगशी बीथान’ या टिपणग्रंथात चंद्राच्या आकाराविषयी एक प्रयोग नोंदवला. सूर्य आणि चंद्र चेंडूसारखे आहेत की पंख्यासारखे, असे त्याला विचारण्यात आले होते. चेंडूसारखे, असे उत्तर देऊन त्याने चंद्राला रुपेरी गोळ्याची उपमा दिली. गोळ्याच्या अर्ध्या भागाला पांढरी पूड लावून बाजूने पाहिले असता कोर दिसते, समोरून पाहिले असता पूर्णबिंब. गोळा तोच, पाहण्याची जागा बदलते. सूर्याचा आणि चंद्राचा मार्ग एकमेकांशी कललेले असल्याने दर महिन्याला ग्रहण होत नाही, हेही त्याने स्पष्ट केले. हद्दपार कवीने मनाला दिलेला दिलासा आणि शास्त्रज्ञाने गोळ्यावर दाखवलेली गोष्ट यांत तथ्य एकच आहे. चंद्र झिजत नाही.

उत्तराआधी विचारलेले प्रश्न

चंद्राला प्रश्न विचारण्याची परंपरा चीनमध्ये फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांतील कवी चू युआन याच्या ‘थ्येन वन’ म्हणजे ‘आकाशाला प्रश्न’ या काव्यात, रात्रीचा हा प्रकाश मरून पुन्हा कसा जन्मतो, असे विचारले आहे. तांग काळातील झांग रुओश्यू याने वसंतातील नदीवरच्या चांदण्या रात्री, हा चंद्र प्रथम कोणी पाहिला आणि चंद्राने माणसावर प्रथम कधी प्रकाश टाकला, असा प्रश्न केला.

सुंग कवी शिन चीजी (११४० ते १२०७) याने चू युआनच्या धर्तीवर मध्यशरद रात्रीच्या मावळत्या चंद्राला उद्देशून एक संपूर्ण रचना प्रश्नांचीच केली. मावळलेला चंद्र जातो कोठे? पलीकडे दुसरे जग असून तेथे तो आता पूर्वेला उगवत असेल काय? कोणत्याही आधाराविना तो लोंबतो कसा? समुद्राच्या तळाखालून जात असेल, तर बेडूक पोहेल, पण ससा बुडत कसा नाही? विसाव्या शतकाच्या आरंभी समीक्षक वांग ग्वोवेई याने या रचनेकडे लक्ष वेधले आणि चंद्र पृथ्वीभोवती फिरतो हे तत्त्व कवीच्या प्रतिभेला जणू स्फुरले होते, असा अभिप्राय दिला. शिन चीजीला हे तत्त्व ज्ञात होते, असा त्याचा अर्थ नव्हे. रूढ उत्तरांतील अडचण त्याला दिसली होती आणि योग्य प्रश्न त्याने विचारला होता. शास्त्राची सुरुवातही तेथूनच होते.

दूर जाणारा चंद्र

झांग रुओश्यूची ती कविता समुद्राची भरती आणि चंद्रोदय यांच्या एकत्र दर्शनाने सुरू होते. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांच्या आकर्षणांचा परिणाम एकत्र होऊन उधाणाची भरती येते. भरती चंद्राच्या वृद्धिक्षयाशी निगडित असल्याचे पहिल्या शतकात वांग छोंग याने लिहून ठेवले होते. हांगझोऊजवळ छ्येनथांग नदीत शिरणारी भरतीची भिंत पाहण्यास आजही आठव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी, गर्दी लोटते.

या भरतीचा आणखी एक परिणाम प्राचीन कवींना ठाऊक असणे शक्य नव्हते. भरतीच्या घर्षणामुळे पृथ्वीचे परिवलन मंदावते आणि चंद्र दूर सरकतो. अपोलो मोहिमांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवरून लेसर किरण परतवून हे अंतर मोजले जाते. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जात आहे. ली बायने एका कवितेत, आजची माणसे जुना चंद्र पाहू शकत नाहीत, पण आजच्या चंद्राने जुन्या माणसांना पाहिले आहे, अशा आशयाचा विचार मांडला. गणिताने पाहता ७६२ मध्ये मरण पावलेल्या ली बायचा चंद्र आजच्यापेक्षा सुमारे ४८ मीटरने जवळ होता.

पृथ्वी मंदावल्याचा पुरावा चिनी दरबाराच्या नोंदींतूनच मिळाला, हे विशेष. इ.स.पू. १८१ मध्ये चांगआनमध्ये खग्रास सूर्यग्रहण झाले आणि दिवसा अंधार पडला. सत्ता हाती असलेल्या राजमाता लू हिने ते स्वतःवरचे संकट मानले. पुढच्याच वर्षी तिचे निधन झाले. पृथ्वी आजच्याच गतीने सदैव फिरत आली असती, तर त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा चांगआनपासून हजारो किलोमीटर दूर पडला असता. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चिनी, बॅबिलोनी, अरबी आणि युरोपीय नोंदी तपासून, दिवस दर शतकाला दोन सहस्रांश सेकंदांहून थोड्या कमी प्रमाणात लांबत असल्याचे दाखवले. हा सूक्ष्म फरक बावीस शतकांत साचून तीन तासांहून अधिक होतो. राजाच्या भीतीपोटी लिहिलेली टिपणे अशा रीतीने भूविज्ञानाची साधने ठरली.

चांग-ईचे पुनरागमन

ली बाय नदीतील चंद्रबिंबाला कवटाळण्यासाठी नावेतून झेपावला आणि बुडाला, अशी दंतकथा आहे. यांगत्सेकाठी छायशी येथे ती आजही सांगतात. प्रत्यक्षात तो दांगतू येथे आजाराने गेला असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच्या देशाने चंद्राला प्रत्यक्ष स्पर्श केला तो १४ डिसेंबर २०१३ रोजी. चांग-ई ३ हे यान चंद्रावर अलगद उतरले. त्यातील बग्गीचे नाव ‘यूतू’, म्हणजे पाचूचा ससा, आणि उतरण्याच्या स्थळाला दिलेले नाव ‘ग्वांगहान प्रासाद’. ३ जानेवारी २०१९ रोजी चांग-ई ४ चंद्राच्या पृथ्वीवरून कधीही न दिसणाऱ्या बाजूवर उतरले. तेथील रात्रीचे तापमान उणे १९० अंश सेल्सिअसपर्यंत खाली गेल्याचे त्याने मोजले. अफाट शीतलतेचा प्रासाद हे नाव पुराणकारांनी अंदाजाने दिले खरे, पण ते चुकीचे ठरले नाही. २०२० मध्ये चांग-ई ५ ने १७३१ ग्रॅम नमुने आणले. त्यांतील लाव्हाखडक सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वीचे, म्हणजे अपेक्षेहून पुष्कळ तरुण निघाले. २०२४ मध्ये चांग-ई ६ ने पलीकडील बाजूवरून १९३५.३ ग्रॅम नमुने आणले आणि मानवाच्या हाती त्या बाजूची माती प्रथमच आली.

आंतरराष्ट्रीय संकेतानुसार चंद्रावरील विवरांना मुख्यतः शास्त्रज्ञांची आणि बुध ग्रहावरील विवरांना कवी-कलावंतांची नावे दिली जातात. त्यामुळे झांग हेंगचे नाव चंद्राच्या पलीकडील बाजूच्या एका विवराला मिळाले आहे. ली बायचे नाव मात्र बुधावरील विवराला आहे. ही विभागणी नकाशाच्या सोयीची आहे. ज्या परंपरेत ग्रहणाची छाया समजावणारा माणूस काव्य रचत होता आणि हद्दपार कवी चंद्र झिजत नाही असे सांगून मित्राचे सांत्वन करीत होता, तिने स्वतः अशी सीमा कधी आखली नव्हती.